जमिनीवरून विमानाला वीज: आखूड पिनेचे काम

कडाक्याच्या थंडीत सेस्ना 172 सारख्या एका इंजिनाच्या विमानातले तेल घट्ट होते, बॅटरीची ताकदही नेमकी त्याच वेळी घटते आणि स्टार्टरला मात्र दोनशे अँपिअरच्या आसपास प्रवाह लागतो. अशा वेळी, तसेच हँगरमध्ये उपकरणांची तासन्‌तास तपासणी चालते तेव्हा, वीज बाहेरून घेतात. त्यासाठीचे सॉकेट सेस्ना 172 मध्ये नाकाच्या डाव्या बाजूला असते.

अनेक विमानांत या सॉकेटात दोन जाड पिना असतात, एक धन आणि एक ऋण. शेजारी तिसरी बारीक पिन असते, ती मुद्दाम आखूड ठेवलेली. जाड धन पिन विमानाच्या वायरिंगला थेट जोडत नाहीत. मध्ये कॉन्टॅक्टर, म्हणजे विद्युतचुंबकावर चालणारा दणकट स्विच असतो आणि त्याच्या कॉइलला, म्हणजे चुंबक बनणाऱ्या तारेच्या वेटोळ्याला, वीज मिळते ती फक्त आखूड पिनेतून. प्लग आत ढकलताना जाड पिना आधी टेकतात, आखूड पिन शेवटी. ओढून काढताना हीच पिन सर्वांत आधी सुटते. त्यामुळे मोठा प्रवाह सुरू होतो आणि तुटतो तो कॉन्टॅक्टरच्या बंद डबीत, उघड्या पिनांवर नव्हे, आणि पिना जळत नाहीत.

प्लगची जोडणीच उलटी असेल तर? कॉइलला धन-ऋण यांतला फरक कळत नाही, ती दोन्ही दिशांनी चुंबक बनते. म्हणून आखूड पिन आणि कॉइल यांच्यामध्ये एक डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, घालतात. वीज उलटी आली की तो ती अडवतो, कॉन्टॅक्टर जोडणी करतच नाही आणि महागडे रेडिओ वाचतात. या साऱ्या जोडणीत इतक्या कमी खर्चात इतके मोठे रक्षण करणारा दुसरा भाग मला तरी दिसत नाही. मात्र 12 व्होल्टच्या विमानाला कोणी 24 व्होल्टचा पुरवठा लावला, तर दिशा बरोबर असल्याने डायोड गप्प राहतो; त्यासाठी व्होल्टेज मर्यादेबाहेर जाताच कॉइलचा प्रवाह तोडणारे वेगळे सर्किट लागते.

कॉन्टॅक्टर सतत चालणाऱ्या प्रकारचाच हवा. स्टार्टरचा कॉन्टॅक्टर काही सेकंदांच्या कामासाठी बनवलेला असतो, तासभर चालू ठेवला तर त्याची कॉइल जळू शकते. केबलही जाड हवी: 21 चौरस मिलिमीटर तांब्याच्या तीन मीटर केबलमध्ये 200 अँपिअरला सुमारे अर्धा व्होल्ट खर्च होतो, आणि 12 व्होल्टच्या विमानात तेवढाही जाणवतो. प्रमाणित विमानात असे वायरिंग मंजूर आराखड्याशिवाय करता येत नाही.

पूर्ण उतरलेल्या बॅटरीचे विमान बाहेरच्या विजेवर सुरू करून लगेच उडवणे मात्र धोक्याचे आहे, कारण हवेत अल्टरनेटर, म्हणजे इंजिनावर चालणारा वीज-जनित्र, बंद पडला तर रेडिओ आणि दिवे चालवायला त्या बॅटरीत काहीच शिल्लक नसते.