काळोखातली नंबरप्लेट

गोव्यातल्या आमच्या फोंड्याकडच्या वाड्यावर वळणाला एक जुना वड आहे. पावसाळा सरला की त्याच्या मुळांशी कचऱ्याच्या पिशव्या दिसू लागतात. रात्री कोणीतरी गाडी हळू करतो, पिशवी भिरकावतो आणि निघून जातो. सकाळी गुरं त्या पिशव्या फाडून खातात, प्लास्टिकसकट. हे बघवेना म्हणून शेजारच्या काकांनी गेटवर चार मेगापिक्सेलचा कॅमेरा बसवला. आठवड्याने त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला. गाडी दिसत होती, खिडकीतून बाहेर आलेला हातही दिसत होता. नंबरप्लेटच्या जागी मात्र नुसता पांढरा लखलखाट.

कॅमेऱ्यात काही बिघाड नव्हता. अंगणावर नजर ठेवणं आणि धावत्या गाडीचा नंबर वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत. नंबर हवा असेल तर एक कॅमेरा फक्त त्यासाठीच राखून ठेवावा लागतो.

आधी तो लखलखाट. 1 एप्रिल 2019 पासून बनलेल्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट असते. तिच्यावरचा पापुद्रा अंगावर पडलेला प्रकाश इकडेतिकडे न उधळता आला त्याच वाटेने परत पाठवतो. रात्री करून बघा. दहा-पंधरा पावलांवर उभ्या असलेल्या गाडीकडे तोंड करून मोबाईलचा टॉर्च डोळ्यालगत धरा, प्लेट पेटल्यासारखी चमकेल. टॉर्च तसाच पेटता ठेवून हात लांब बाजूला न्या, चमक विझते. कॅमेऱ्याच्या अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाच्या, दिव्यांचंही तेच होतं. ते लेन्सला चिकटूनच असतात, त्यामुळे प्लेटवरचा प्रकाश थेट लेन्समध्ये परततो. बाकी काळोख उजळावा म्हणून कॅमेरा शटर जास्त वेळ उघडं ठेवतो आणि त्या प्रकाशात अक्षरं बुडून जातात.

शटरचा हिशोब सोपा आहे. ताशी 40 किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे 11 मीटर कापते. रात्री आपोआप ठरणारं शटर बहुतेक वेळा सेकंदाचा तिसावा भाग उघडं असतं, तेवढ्यात गाडी 37 सेंटीमीटर पुढे गेलेली असते. मोटारीची प्लेट असते 50 सेंटीमीटरची! तेच शटर हजाराव्या भागावर आणलं तर गाडी जेमतेम एक सेंटीमीटर सरकते आणि अक्षरं जागच्या जागी राहतात. त्यासाठी सेटिंगमधलं स्वयंचलित एक्स्पोजर (किती प्रकाश आत घ्यायचा हे कॅमेऱ्याने आपोआप ठरवणं) बंद करून शटर हाताने ठरवावं लागतं. ही सोय नसलेला कॅमेरा या कामासाठी घेऊ नये.

मग लेन्स. घरोघरी दिसणारी 2.8 मिलिमीटरची लेन्स 15 मीटरवर जवळजवळ 30 मीटर रुंद देखावा टिपते. काकांच्या कॅमेऱ्यात आडवे 2560 पिक्सेल होते, त्यातले प्लेटच्या वाट्याला आले चाळीसेक. दहा अक्षरांत ते वाटले की एकेका अक्षराला चार, त्यात 8 आणि बी वेगळे कसे दिसणार? तोच सेन्सर, म्हणजे कॅमेऱ्यातला चित्र टिपणारा भाग, 12 मिलिमीटरच्या लेन्समागे ठेवला की देखावा सातेक मीटरवर येतो आणि प्लेटला पावणेदोनशेच्या वर पिक्सेल मिळतात.

आम्ही नवा कॅमेरा कौलांखाली न लावता चिऱ्यांच्या गडग्यालगतच्या खांबावर लावला, साडेतीन मीटर उंचीवर आणि रस्त्याच्या दिशेने तिरपा. नजर आणि रस्ता यांतला कोन 30 अंशांच्या आत ठेवला. रस्त्याला आडवं बघत राहिलं तर प्लेट आक्रसते आणि गाडी चित्रात जास्त सरकते. शिवाय येणाऱ्या गाडीऐवजी जाणाऱ्या गाडीची मागची प्लेट पकडायची ठरवलं. मागचे दिवे हेडलाईटइतके डोळे दिपवत नाहीत, आणि दुचाकीची मागची प्लेट मोठी असते.

पहिल्या रात्री काकांनी स्क्रीन बघून विचारलं, "बंद पडला काय रे?" वड नाही, रस्ता नाही, सगळा काळोख. तेवढ्यात एक गाडी गेली. मागच्या दिव्यांचे दोन ठिपके, आणि त्यांच्यामध्ये स्वच्छ, ठळक जीए-05 आणि पुढचे आकडे. बाकी जग काळं करून टाकल्यावरच नंबर वाचता येतो, हे मला तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांनी दिसलं.

या काळ्या-पांढऱ्या चित्रात रंग कळत नाही. पर्यटकांनी भाड्याने घेतलेली, काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची गाडी होती की कोणाची खाजगी, हे ओळखायला जुना रुंद कॅमेरा लागतोच. दोघांची घड्याळं मात्र जुळवलेली हवीत.

पावसाळ्यात वेगळीच अडचण येते. लेन्ससमोरचे थेंब दिव्याच्या उजेडात पांढरे चमकतात आणि उबेला बसणारे कोळी तिथेच जाळी विणतात. दिवा वेगळा, एखादी वीत बाजूला लावला की दोन्ही त्रास कमी होतात. फार लांब नेऊ नये, नाहीतर टॉर्चच्या प्रयोगासारखं होतं आणि प्लेटची चमकच जाते.

समोरच्या घराचं दार चित्रात येत होतं, ते सेटिंगमधून झाकून टाकलं. तिथे कोण कधी येतं-जातं याच्याशी आम्हाला काही कर्तव्य नाही. घरगुती वापराला 2023 च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यातून सूट आहे, पण लोकांचे नंबर वाड्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं हा घरगुती वापर आहे असं मी मानत नाही. पिशवी टाकणाऱ्याचं चित्रण पंचायतीकडे द्यायचं, बाकीचं दहा दिवसांनी आपोआप पुसलं जाईल असं ठेवलंय.