फुलपाखराची अळी आणि नाकतोड्याचं पिल्लू, दोघांच्या वाढण्यात फरक काय?

बऱ्याच मुलांना वाटतं सगळेच किडे अंडं, अळी, कोष आणि मग मोठा किडा असे वाढतात, कारण चित्रात नेहमी फुलपाखरूच असतं. पण नाकतोडा, झुरळ, ढेकूण यांच्यात अळीही नाही आणि कोषही नाही.

नाकतोड्याच्या अंड्यातून निघालेलं पिल्लू बघताक्षणी ओळखू येतं, छोटा नाकतोडाच तो, उड्यापण मारतो, फक्त पंख नसतात. पानं खाऊन ते वाढतं, पण किड्यांचं वरचं कवच आपल्या कातडीसारखं वाढत नाही ना, मग टाइट झालं की कात टाकायची, परत खायचं, परत टाकायची, असं साधारण 5-6 वेळा. दर वेळी पाठीवरचे पंखांचे कोंब थोडे मोठे होतात आणि शेवटची कात टाकली की उडायला मोकळा. हे अपूर्ण रूपांतरण.

आता अळीपण कात टाकतेच, इथेच गोंधळ होतो. पण तिने चार वेळा कात टाकली तरी ती अळीच दिसते, कारण तिचे पंख बाहेर नाही तर अंगाच्या आत, पेशींच्या बारीक गठ्ठ्यांत लपलेले असतात. ते कोषात वाढतात. कोष बाहेरून एकदम शांत, आत मात्र जोरदार तोडफोड चालू, जुने स्नायू मोडतात, आतडं बदलतं, पानं कुरतडणारे जबडे जाऊन मध ओढायची सोंड येते. अख्ख्या अळीचं सूप होतं असं सांगतात ते जरा जास्तच आहे, श्वासाच्या नळ्या वगैरे बरंच काही टिकतं. हे पूर्ण रूपांतरण. भुंगे, माश्या, डास, मधमाश्या सगळे याच गटात. यात फायदा म्हणजे अळी पानं खाते, फुलपाखरू मध पितं, म्हणजे मोठ्यांची आणि पिल्लांची खाण्यावरून मारामारी नाही.

फक्त दिसण्यावर जाऊ नका हं. चतुराचं पिल्लू पाण्यात राहतं, आईबापासारखं अजिबात दिसत नाही, तरी ते अपूर्णवाल्यांत, कारण मध्ये कोष नाही. डासाची अळीपण पाण्यातलीच, पण ती कोष करते म्हणून पूर्णवाली. मुंगी आणि वाळवी तर बहिणी वाटतात, दोघी वारूळ करून राहतात, पण मुंगीला कोष असतो, वाळवीला नाही, कारण वाळवी मुळात झुरळाच्या खानदानातली!