पहिले दहा मिलिसेकंद

लॅपटॉपच्या चार्जरची पिन चालू सॉकेटात घालताना कधीकधी ‘चट्’ असा आवाज होतो आणि बारीकशी ठिणगी दिसते. चार्जर बिघडलेला नसतो. त्याच्या पोटातला कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारा भाग, रिकामा असतो आणि वीज लागताक्षणी तो अधाशासारखा भरून घेतो, एवढंच. घरी ही गोष्ट तिथेच संपते. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये किंवा सर्व्हरच्या रॅकमध्ये मात्र ती तिथे संपत नाही.

ही यंत्रं बंद ठेवायची सोय नसते. दूरसंचाराच्या क्षेत्रात ९९.९९९ टक्के वेळ सेवा चालू हवी असं म्हटलं जातं. म्हणजे वर्षभरात बंद राहायची मुभा जेमतेम सव्वापाच मिनिटं. एका बिघडलेल्या कार्डासाठी, म्हणजे रॅकच्या खाचेत सरकवायच्या सर्किटच्या पाटीसाठी, अख्खी रॅक बंद करून पुन्हा चालू केली, तर त्यातच ही मुभा संपून जाईल. म्हणून खराब कार्ड चालू यंत्रातून ओढून काढतात आणि नवं तसंच सरकवतात. याला हॉट स्वॅप म्हणतात.

हे नवं कार्ड रॅकच्या मागच्या पाटीत, म्हणजे बॅकप्लेनमध्ये जाऊन बसतं. त्याच पाटीवरून शेजारची दहा-बारा कार्डं वीज घेत असतात. आपल्याकडे एकाच पाइपलाइनवर चार सोसायट्या असतात, तशीच ही रचना. एका सोसायटीची रिकामी टाकी भरायला चावी एकदम पूर्ण उघडली, तर बाकीच्यांच्या नळाची धार करंगळीएवढी होते. नव्या कार्डावर १२ व्होल्टच्या वाटेत २००० मायक्रोफॅरडचे रिकामे कपॅसिटर असतील आणि तारा, पिना व तांब्याच्या पट्ट्या मिळून वाटेतला रोध २० मिलिओहम असेल, तर कागदावर पहिल्या क्षणाचा करंट ६०० अँपिअर येतो. तारांच्या इंडक्टन्समुळे, म्हणजे करंटमधल्या अचानक बदलाला विरोध करण्याच्या गुणामुळे, प्रत्यक्षात तो त्याहून कमी राहतो, पण शेकड्याच्या घरात सहज जातो. तेवढ्यात पाटीवरचं व्होल्टेज कोसळतं आणि शेजारची धडधाकट कार्डं रीसेट होतात. म्हणून या सगळ्या बंदोबस्ताकडे मी शेजाऱ्यांचं रक्षण म्हणून बघतो. नव्या कार्डाचा जीव वाचतो, तो त्यासोबत.

पहिला उपाय साधा आणि फार सुंदर आहे: पिनांची लांबी वेगवेगळी ठेवायची. पेन ड्राइव्हचा जुना चौकोनी प्लग उजेडात धरून आत बघा. चार सोनेरी पट्ट्यांपैकी कडेच्या दोन पुढपर्यंत आलेल्या दिसतील. त्या विजेच्या. मधल्या दोन माहितीच्या, त्या आखूड. म्हणजे आधी वीज जोडली जाते आणि मग बोलणं सुरू होतं. रॅकमधल्या कार्डांवर ग्राउंडची पिन बहुधा सर्वांत लांब असते आणि ‘मी पूर्ण बसलो’ हे सांगणारी सर्वांत आखूड. फरक फक्त मिलिमीटर-दोन मिलिमीटरचा. पण हात सेकंदाला दहा सेंटिमीटर वेगाने सरकत असेल, तर एका मिलिमीटरला दहा मिलिसेकंद लागतात, आणि इलेक्ट्रॉनिक्सला एवढा अवकाश खूप झाला.

दुसरा उपाय म्हणजे चावी सोडणारा माणूस. इथे ते काम मॉसफेट, म्हणजे विजेवर चालणारा आणि हळूहळू उघडता येणारा स्विच, करतो, आणि त्याला हुकूम देते हॉट स्वॅप कंट्रोलर नावाची लहानशी चिप. पिना टेकताना थरथरतात, जोड तुटतो-जुळतो. म्हणून कंट्रोलर आधी काही काळ नुसता थांबतो. व्होल्टेज योग्य मर्यादेत आहे ना, हे बघतो. मगच मॉसफेटच्या गेटवर, म्हणजे त्याला उघडणाऱ्या टोकावर, हळूहळू व्होल्टेज वाढवतो. तेच २००० मायक्रोफॅरड दहा मिलिसेकंदांत सावकाश भरले, तर करंट फक्त २.४ अँपिअर लागतो. शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही.

खरी कसोटी यापुढे आहे. कपॅसिटर भरताना जेवढी ऊर्जा त्यात साठते, जवळपास तेवढीच वाटेतल्या मॉसफेटमध्ये उष्णता होऊन जाते, मग सावकाश भरा की झटकन. आपल्या उदाहरणात ती ०.१४४ ज्यूल. दहा मिलिसेकंदांत वाटली तर सरासरी १४.४ वॉट, एका मिलिसेकंदात कोंबली तर १४४ वॉट. नखाएवढ्या तुकड्याला हा फरक जीवनमरणाचा असतो. मग वाटतं, आणखी सावकाश भरलेलं काय वाईट? पण दरम्यान कार्डावरचे प्रोसेसर जागे होऊन करंट ओढू लागले, तर अर्धवट उघडा मॉसफेट जास्त वेळ तापत राहतो. त्यासाठी व्होल्टेज पूर्ण चढून ‘पॉवर गुड’ हा इशारा मिळेपर्यंत बाकीच्या मंडळींना निजवून ठेवतात. शिवाय अर्धवट उघड्या मॉसफेटच्या आत एखादा बिंदू जरा जास्त तापला, की तोच बिंदू जास्त करंट ओढू लागतो आणि आणखी तापतो. बाहेरून मॉसफेट फार गरम लागत नाही, पण आत एक ठिपका जळून गेलेला असतो. म्हणून मॉसफेट निवडताना तो किती अँपिअरचा आहे एवढंच बघणं पुरत नाही. किती व्होल्टला किती करंट किती मिलिसेकंद सोसतो, हे सांगणारा आलेख बघावा लागतो. माझ्या मते उत्पादकाच्या अख्ख्या माहितीपत्रकातलं, म्हणजे डेटाशीटमधलं सर्वांत मोलाचं पान ते.

कार्ड चालू झालं तरी पहारा उठत नाही. करंटच्या वाटेत एक मिलिओहमचा रोध बसवलेला असतो. त्यातून २५ अँपिअर गेले की त्याच्या दोन टोकांत २५ मिलिव्होल्टचा फरक पडतो. तो इतका इवलासा, की सोल्डरच्या जोडाचा रोधही मापात गोंधळ घालतो. म्हणून माप घेणाऱ्या दोन बारीक वाटा थेट रोधाच्या आतल्या कडेपासून वेगळ्या काढतात. करंट मर्यादेपलीकडे जाऊ लागला की कंट्रोलर तो दाबून धरतो, पण काही मिलिसेकंदच. मग सरळ तोडतो. थेट शॉर्ट सर्किट असेल, तर मायक्रोसेकंदाच्या आसपास. मात्र ही तत्परताही महागात पडू शकते. १०० अँपिअर एका मायक्रोसेकंदात तोडले आणि तारांचा इंडक्टन्स १०० नॅनोहेन्री असेल, तर १२ व्होल्टवर आणखी १० व्होल्टची उसळी येते. ती गिळायला पाटीच्या बाजूला टीव्हीएस डायोड, म्हणजे जास्तीचं व्होल्टेज स्वतःवर घेणारा भाग, लावतात.

आजचे कंट्रोलर व्होल्टेज, करंट आणि तापमान मोजून पीएमबस या दोन तारांच्या वाटेने कळवतात. हे मानक २००५ साली आलं. एरवी ठरावीक करंट घेणारं कार्ड आठवडाभर थोडा थोडा जास्त घेऊ लागलं, की ते बंद पडायच्या आधीच नवं मागवता येतं.

कार्ड काढतानाही पिनांचा क्रम उपयोगी पडतो, या वेळी उलटा. आखूड पिन आधी सुटते आणि विजेच्या पिना दूर होण्याआधी मॉसफेट बंद होतो. तसं झालं नाही, तर ४८ व्होल्टच्या एक्स्चेंजमध्ये पिनेवर ठिणगी उडते आणि भिंगाखाली सोनेरी मुलाम्यावर काळा खड्डा दिसतो. तो खड्डा असलेल्या जागी बसणारं प्रत्येक पुढचं कार्ड अडखळतं. दूरसंचाराच्या ॲडव्हान्स्डटीसीए कार्डांवर यासाठी निळा दिवा असतो. कार्डाची पकडायची मूठ उघडली की तो लुकलुकू लागतो. आत कामं आवरली जात असतात, वीज तोडली जात असते. दिवा स्थिर झाला की कार्ड ओढायचं.