बेल्ट आणि बेल्टची परीक्षा: डेटाबेसमध्ये वेगळं काय ठेवायचं?

जुळे सोलापूर असो, भवानी पेठ असो की विजापूर रोड, कराटे क्लासच्या सरांकडची एक्सेल शीट साधारण सारखीच दिसते. नाव, पालकांचा मोबाइल, बॅच, फी आणि शेवटी ‘बेल्ट’. परीक्षा झाली की त्या रकान्यातलं ‘पिवळा’ पुसून ‘केशरी’ टाकायचं, झालं काम. रोजच्या वापराला ही शीट पुरते. मग कधीतरी एखादे वडील दारात येऊन म्हणतात, ‘‘गेल्या टायमाला फी भरलो की ओ सर, परत कशाला?’’ आणि गेल्या टायमाला पोरगा नापास झाला होता की आलाच नव्हता, याचं उत्तर शीटकडे नसतं.

याचं कारण, बेल्ट आणि बेल्टची परीक्षा या दोन गोष्टी एकाच रकान्यात कोंबलेल्या असतात. बेल्ट ही आजची स्थिती आहे. परीक्षा ही एका ठरावीक दिवशी घडलेली घटना. स्थिती बदलत राहते, घटना एकदा घडली की घडली. शाळेत पोराची इयत्ता एकच असते, प्रगतिपुस्तकं मात्र साठत जातात, तसंच हे. शीटमध्ये आपण फक्त इयत्ता ठेवतो आणि दर वर्षी जुनं प्रगतिपुस्तक फाडून टाकतो.

एडगर कॉड यांनी १९७० साली, आयबीएममध्ये असताना, रिलेशनल मॉडेलचा (माहिती एकमेकांशी जोडलेल्या टेबलांत ठेवण्याच्या पद्धतीचा) जो निबंध लिहिला, त्यात हा प्रश्न थेट आला आहे. जी माहिती दुसऱ्या माहितीवरून काढता येते ती वेगळी साठवली, तर दोन्हींत तफावत पडायला वाव राहतो. मुलाचा आजचा बेल्ट त्याने पास केलेल्या परीक्षांवरून काढता येतो. उलटं जमत नाही. नुसता ‘हिरवा’ एवढा शब्द पाहून तो किती खेपांत हिरवा झाला हे कोणालाच कळणार नाही. म्हणून साठवायची ती परीक्षा, बेल्ट विचारायचा.

आता ‘परीक्षा’ म्हणतानाही जरा थांबायला हवं, कारण त्यातही दोन गोष्टी आहेत. एक, परीक्षेचं सत्र: तारीख, जागा, मुख्य परीक्षक. दुसरी, एका मुलाचं त्या सत्रात बसणं. चाळीस पोरं एका दिवशी बसली तर सत्र एक आणि ‘बसणी’ चाळीस. एक्सेलमध्ये चाळीस ओळींत तीच तारीख, तोच हॉल लिहिलेला असतो. समजा परीक्षा जानेवारीत संक्रांतीच्या आसपास ठेवली, मग लक्षात आलं की होम मैदानावर गड्ड्याची यात्रा आहे आणि निम्मे पालक तिकडे. तारीख पुढे ढकलली. सत्राचं टेबल वेगळं असेल तर एका ओळीत बदल. नसेल तर चाळीस ओळी, आणि त्यातली एखादी हमखास राहते.

मी मांडणी करतो ती अशी. ‘विद्यार्थी’ टेबलात क्रमांक, नाव, जन्मतारीख, मोबाइल. बेल्ट इथे नाही. प्रायमरी की, म्हणजे ओळ ओळखण्याची खूण, ती क्रमांकच, नाव नव्हे. आपल्या गावात एका बॅचमध्ये दोन सिद्धाराम आणि दोन श्रीशैल असणं काही नवल नाही, शिवाय तेच नाव कन्नड घरात एक, तेलुगू घरात दुसरं आणि आधार कार्डावर तिसऱ्याच प्रकारे लिहिलेलं. ‘सत्र’ टेबल वर सांगितलं. ‘श्रेणी’ टेबलात सगळ्या पायऱ्या. आणि मधोमध ‘प्रयत्न’ टेबल: कोणता विद्यार्थी, कोणत्या सत्रात, कोणत्या श्रेणीसाठी बसला, निकाल काय. पहिल्या तिन्ही गोष्टी फॉरेन की, म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या ओळीकडे बोट दाखवणाऱ्या. विद्यार्थी आणि सत्र ही जोडी युनिक (पुन्हा न येणारी) ठेवायची, म्हणजे एकच पोरगं एका दिवशी चुकून दोनदा नोंदलं जात नाही. (काही क्लासमध्ये हुशार मुलाला एकाच दिवशी दोन पायऱ्या देतात. तिथे युनिकमध्ये श्रेणीही घ्यावी लागेल. मला ही पद्धत पटत नाही, पण डेटाबेसने सरांशी वाद घालू नये.)

फी या ‘प्रयत्ना’ला चिकटते, बेल्टला नाही. बसला म्हणून फी लागते, पास झाला म्हणून नाही. वर आलेल्या वडिलांना दाखवायची ती हीच ओळ: तारीख, भरलेली रक्कम, निकाल. निकालात ‘उत्तीर्ण’, ‘अनुत्तीर्ण’ आणि ‘गैरहजर’ ही तीन मूल्यं ठेवा आणि रिकामी जागा फक्त ‘निकाल अजून लागायचाय’ यासाठी राखा. गैरहजर आणि निकाल बाकी या दोन्हींसाठी रिकामंच ठेवलं की पुढे दोन्ही एकच दिसतात. किहोन (मूलभूत तंत्र), काता (ठरावीक हालचालींची मालिका), कुमिते (लढत) या परीक्षेच्या भागांचे गुण वेगळ्या ‘गुण’ टेबलात, एका भागाला एक ओळ. उद्या सरांनी चौथा भाग वाढवला तर नवा कॉलम लागत नाही.

श्रेणीच्या टेबलावर मात्र जास्त वेळ द्यायला हवा, कारण रंग आणि श्रेणी यांचीही अशीच गल्लत होते. शोतोकान या कराटे शैलीच्या अनेक क्लासमध्ये तिसऱ्या, दुसऱ्या आणि पहिल्या क्यूला (क्यू म्हणजे काळ्या बेल्टच्या आधीची पायरी) तपकिरीच बेल्ट असतो. टेबलात ‘तपकिरी’ लिहिलं तर मूल त्या तिघांतलं कुठलं? दुसऱ्या शैलीत त्याच क्यूला रंग वेगळा. म्हणून श्रेणी ही खरी गोष्ट, रंग हा तिचा एक गुणधर्म. आकड्यांचीही गंमत आहे. क्यू उतरत जातात, दान (काळ्या बेल्टच्या पायऱ्या) चढत जातात. दान पद्धत आली ज्युदोतून, जिगोरो कानो यांनी १८८३ मध्ये पहिले दान दिले. कराटेत गिचिन फुनाकोशी यांनी १९२४ मध्ये पहिल्या शोदान (पहिला दान) पदव्या दिल्या. नुसता ‘१’ साठवला तर तो काळ्याच्या उंबरठ्यावरचा पहिला क्यू की काळा मिळालेला पहिला दान, हे कळणार नाही. नववा क्यू हा पहिल्या क्यूपेक्षा ‘मोठा’ ठरेल तो वेगळाच घोळ. म्हणून श्रेणी टेबलात एक साधा ‘क्रम’ कॉलम हवा, खालून वर चढत जाणारा, आणि तुलना नेहमी त्यावर.

आता आजचा बेल्ट कसा काढायचा? सरळ वाटणारा मार्ग म्हणजे उत्तीर्ण प्रयत्नांतला सर्वांत मोठा क्रम. पण एखादा मुलगा शैली बदलून पुन्हा पांढऱ्यापासून सुरू करतो, तेव्हा हा मार्ग त्याला जुन्या शैलीतला हिरवाच दाखवत राहतो. सत्राच्या तारखेनुसार सर्वांत अलीकडचा उत्तीर्ण प्रयत्न घेतला तर उत्तर बरोबर येतं. तारीख परीक्षेची घ्या, नोंद केल्याची नको. जुनी सर्टिफिकेटं लोक सहा महिन्यांनी आणून देतात. ही क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) व्ह्यू म्हणून, म्हणजे टेबलासारखं दिसणारं तयार उत्तर म्हणून, एकदा जतन केली की सरांना ‘बेल्ट’ हा रकाना पूर्वीसारखाच दिसतो. ‘सारखं मोजायला वेळ लागेल’ ही भीती दोन-चारशे मुलांच्या क्लासला लागू नाही.

लातूरहून बदली होऊन आलेल्या कुटुंबातलं मूल हिरवा बेल्ट घेऊन येतं, तेव्हा विद्यार्थ्याच्या टेबलात बेल्टचा कॉलम घालायचा मोह होतो. आपण तर परीक्षा घेतलीच नाही! त्यासाठी प्रयत्न टेबलात ‘प्रकार’ कॉलम ठेवावा: ‘परीक्षा’ किंवा ‘मान्यता’. मान्यतेच्या ओळीत सत्र रिकामं राहतं, म्हणून तिला स्वतःची तारीख द्यावी लागते. व्ह्यूमध्ये सत्राची तारीख असेल तर ती, नसेल तर ओळीची.

एसक्यूलाइट या डेटाबेस सॉफ्टवेअरमध्ये हे करणाऱ्यांसाठी एक सूचना. तिथे फॉरेन कीची तपासणी सहसा मुळात बंद असते, ती दर कनेक्शनला (डेटाबेसशी दर वेळी जोडताना) चालू करावी लागते. नाहीतर नसलेल्या विद्यार्थ्याची परीक्षाही बिनबोभाट नोंदली जाते.

जुनी शीट आत घेताना प्रत्येकाच्या सध्याच्या बेल्टची एक ‘मान्यता’ ओळ करायची. तारीख ठाऊक नसेल तर रिकामी सोडायची, अंदाजाने एक जानेवारी टाकायची नाही. फक्त क्रमवारीकडे लक्ष ठेवा. अलीकडचं आधी अशी मांडणी केली की एसक्यूलाइट आणि मायएसक्यूएल रिकाम्या तारखा शेवटी टाकतात, पण पोस्टग्रेस हे तसंच तिसरं सॉफ्टवेअर त्या सर्वांत वर आणतं. म्हणजे पोस्टग्रेसमध्ये काल केशरी झालेलं मूल आज पुन्हा पिवळं दिसेल; तिथे क्वेरीत ‘नल्स लास्ट’ (रिकाम्या शेवटी) लिहावंच लागतं.