बीसीजी लसीनंतरची बालकांमधील गुंतागुंत

क्षयाला प्रतिबंध करण्यासाठी नवजात बालकांना दिल्या जाणाऱ्या बीसीजी लसीमुळे टोचल्या जागी, त्या बाजूच्या लसिका ग्रंथींत किंवा क्वचित दूरच्या अवयवांत उद्भवणाऱ्या विकारांचा या नोंदीत विचार केला आहे. लसीतला जंतू क्षीण केलेला असला तरी जिवंत असतो, आणि या विकारांपैकी बहुतेकांचे मूळ तिथेच आहे. गाईगुरांच्या क्षयाचा हा जंतू आल्बेर काल्मेत व कामीय गेरँ या फ्रेंच संशोधकांनी लील येथील पाश्चर संस्थेत १९०८ पासून तेरा वर्षे पुनःपुन्हा वाढवून दुबळा केला आणि १९२१ मध्ये पॅरिसमधील एका अर्भकाला ती लस प्रथम तोंडावाटे देण्यात आली. जर्मनीतील ल्यूबेक येथे १९३० च्या सुमारास लस घेतलेल्या सुमारे २५० बालकांपैकी ७० हून अधिक दगावली, तेव्हा ठपका लसीवर आला. चौकशीत मात्र तेथील प्रयोगशाळेतच लसीत रोगकारक क्षयजंतू मिसळले गेल्याचे निष्पन्न झाले.

गुंतागुंत ओळखायची तर आधी लसीची नेहमीची वाटचाल ठाऊक असावी लागते. नागपुरात ‘मेडिकल’, ‘मेयो’ किंवा डागा रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला सहसा घरी जाण्यापूर्वीच डाव्या दंडाच्या वरच्या भागात ही लस टोचली जाते. पहिल्या महिन्यात तिची मात्रा ०.०५ मिलिलिटर, म्हणजे जेमतेम एक थेंब असते, आणि ती नेमकी त्वचेच्या थरात जावी लागते. सुई बरोबर बसली की संत्र्याच्या सालीसारखा बारीक छिद्रांचा फिकट फुगवटा उठतो व थोड्या वेळात जिरतो. त्यानंतर काहीच दिसत नाही. दोन-तीन आठवड्यांनी तिथे पुळी येते, ती वाढून बहुधा फुटते, किंचित पू येतो, खपली धरते आणि सहा ते बारा आठवड्यांत चार ते आठ मिलिमीटरचा वण मागे राहतो. या पुळीमुळे ताप येत नाही, ती दुखत नाही आणि तिला औषधही लागत नाही. तरीही घराघरांत तिच्यावर हळद, मलम, क्वचित शेकही होतो; वास्तविक जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवणे पुरेसे असते.

टोचल्या जागचा मोठा गळू किंवा लांबणारा व्रण बहुधा सुई त्वचेखाली खोल गेल्याने अथवा मात्रा जास्त झाल्याने होतो. नवजात बाळाची त्वचा इतकी पातळ असते की अनुभवी परिचारिकेचाही हात कधी चुकतो. वणाच्या जागी कीलॉइड, म्हणजे वाढत जाणारा जाड वण, काहींना होतो. बाळाला आधीच क्षयाचा संसर्ग झालेला असल्यास ही प्रतिक्रिया आठवड्यांऐवजी काही दिवसांतच उमटते. अशा वेळी घरात कोणाला जुना खोकला आहे का, हे विचारल्यावाचून राहू नये.

सर्वांत जास्त पालक डॉक्टरांकडे येतात ते काखेतील गाठीमुळे. जखमेच्या बाजूला गाठ सुजली की जुनी माणसे ‘अवधाण आले’ म्हणतात, आणि इथे तो शब्द बऱ्यापैकी चपखल बसतो: टोचल्या जागेतून निघालेले जंतू डाव्या काखेतल्या, कधी गळपट्टीच्या हाडावरच्या किंवा मानेतल्या ग्रंथींत अडकतात. थोडी सूज सामान्यच असते. मोठ्या माणसाच्या बोटाच्या रुंदीएवढी, म्हणजे सुमारे दीड सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी गाठ ही गुंतागुंत मानली जाते. ती बहुधा पहिल्या सहा महिन्यांत दिसते. बाळाला ताप नसतो, गाठ दाबली तरी ते रडत नाही, दूध नेहमीसारखे पिते. अशी घट्ट गाठ काही महिन्यांत आपोआप विरते, तिला आयसोनियाझिड किंवा अन्य क्षयविरोधी औषधे देऊन लाभ होत असल्याचे सिद्ध झालेले नाही. गाठ मऊ पडून वरची त्वचा लाल झाली, तर आत पू झाल्याचे समजावे. तेव्हा जाड सुईने पू ओढून घेणे हा प्रचलित उपाय आहे. चीर देऊन निचरा करणे मात्र टाळावे, कारण त्यातून महिनोन्‌महिने वाहणारा नाडीव्रण, म्हणजे नळीसारखी खोल जखम, राहू शकतो; ज्याचा त्रास गाठीपेक्षा उपचारानेच वाढतो, असे हे ठळक उदाहरण आहे. सुईने भागले नाही तर पूर्ण गाठ काढण्याची शस्त्रक्रिया करतात.

निदानात एक फसवी जागा आहे. गाठीतील पू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यास क्षयासारखेच जंतू दिसतात. क्षयजंतूचा जनुकीय अंश शोधणारी सीबीनॅट चाचणीही लसीचा जंतू आणि क्षयाचा जंतू यांत फरक करू शकत नाही. अहवालात ‘क्षयजंतू आढळले’ हे वाक्य येते, घर हादरते आणि सहा महिन्यांची औषधे सुरू होतात. म्हणून बाळाचे वय, वणाची बाजू आणि गाठीची जागा यांचा मेळ घातल्याशिवाय तो अहवाल वाचू नये.

हाडांचा दाह ही विरळ गुंतागुंत आहे. फिनलंड व स्वीडनमध्ये १९७० च्या दशकात तिची वाढ झाल्याचे दिसले होते. त्याहून विरळ पण खरोखर भयंकर असा प्रकार म्हणजे सर्व शरीरभर पसरलेला बीसीजी संसर्ग. त्याचे प्रमाण दहा लाख मात्रांमागे दोन ते चार असे सांगितले जाते आणि तो जवळजवळ नेहमी जन्मजात प्रतिकारशक्तीच्या दोषात होतो. अडचण अशी की लस जन्मतःच दिली जाते, आणि दोष त्यानंतर काही महिन्यांनी उघड होतो. वजन न वाढणे, लांबलेला ताप, तोंडातील न हटणारी बुरशी, यकृत-प्लीहेची वाढ, वाहणारा वण यांचा संयोग दिसला की साध्या गाठीचा विचार सोडून द्यावा. उपचारांत एकाहून अधिक क्षयविरोधी औषधे लागतात. मात्र त्यांतले पायराझिनामाइड हे औषध बीसीजी जंतूवर मुळातच चालत नाही. मूळ दोष अस्थिमज्जा प्रत्यारोपणाने दूर झाला नाही तर औषधांचा उपयोग मर्यादितच राहतो. एचआयव्हीबाधित बालकांतही हा धोका वाढतो. एचआयव्हीवरचे उपचार सुरू होऊन प्रतिकारशक्ती परतू लागताच कधी गाठ एकदम सुजते, तेव्हा तो लसीचा नवा दोष नसून शरीर प्रत्युत्तर देऊ लागल्याची खूण असते.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेव्हा लस २ ते ८ अंशांत राखणे आणि विरघळवलेली कुपी चार तासांच्या आत संपवणे यांवर काटेकोर लक्ष लागते. उन्हाने लसीतले जंतू मरतात आणि वण उठत नाही. एरवी मात्र केवळ वण उठला नाही म्हणून लस पुन्हा टोचण्याची गरज नसते. मोठी गाठ किंवा गळू ही लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना म्हणून आरोग्य केंद्राला कळवावी लागते. ज्या घरात यापूर्वी तान्हे मूल वारंवारच्या संसर्गाने दगावले असेल किंवा आईवडील नात्यातले असतील, तिथे पुढच्या बाळाची लस प्रतिकारशक्तीची तपासणी होईपर्यंत थांबवण्याविषयी डॉक्टरांशी प्रसूतीपूर्वीच बोलावे.