सैद्धांतिक आणि व्यावहारिक संवाक्य

ॲरिस्टॉटलच्या (इ. स. पू. ३८४–३२२) तर्कविचारातील अनुमानाचे दोन प्रकार. दोहोंत दोन आधारविधाने एकत्र आली की निष्कर्ष निघतो. सैद्धांतिक संवाक्यात त्या निष्कर्षाने एखादे विधान खरे म्हणून मान्य होते. व्यावहारिक संवाक्यात कृती घडते.

सैद्धांतिक संवाक्याचे नियम ॲरिस्टॉटलच्या ‘प्रायर ॲनॅलिटिक्स’ या ग्रंथात येतात. अशा संवाक्यात तीन पदे, म्हणजे विधानांतील उद्देश्य किंवा विधेय होणारे शब्द, असतात. मध्यपद दोन्ही आधारविधानांत येते आणि निष्कर्षातून गळते. आधारविधानांतील त्याच्या जागेवरून मांडणीचे तीन साचे, म्हणजे आकृती, पडतात. पहिल्या दोन आकृतींत प्रत्येकी ४ आणि तिसरीत ६ असे १४ प्रकार वैध ठरतात. पहिली आकृती स्वयंस्पष्ट असल्याने बाकीचे प्रकार तिच्यात आणून सिद्ध केले जातात. बहुतेकांना विधानांचे परिवर्तन, म्हणजे उद्देश्य व विधेय यांची अदलाबदल, पुरते. दोन प्रकारांत मात्र निष्कर्ष खोटा मानून विसंगती दाखवावी लागते. नेहमीची चूक दुसऱ्या आकृतीत, म्हणजे मध्यपद दोन्हीकडे विधेय असते तिथे, होते. ‘सर्व घोडे प्राणी आहेत, सर्व माणसे प्राणी आहेत’ यातून काहीच निघत नाही, कारण त्या आकृतीत एक आधारविधान नकारात्मक असावेच लागते.

रचना बिनचूक असली तरी तेवढ्याने शास्त्र होत नाही. ‘जे लुकलुकत नाही ते जवळ असते, ग्रह लुकलुकत नाहीत, म्हणून ग्रह जवळ आहेत’ हे अनुमान वैध आहे, पण त्यातून फक्त वस्तुस्थिती कळते. ग्रह जवळ आहेत म्हणून लुकलुकत नाहीत, अशी मांडणी उलटवली की कारण कळते. ‘पोस्टीरिअर ॲनॅलिटिक्स’ या त्याच्या ग्रंथातील हा भेद फार मोलाचा आहे: शास्त्रीय सिद्धतेत मध्यपद हे कारणच असावे लागते.

व्यावहारिक संवाक्याची उदाहरणे ॲरिस्टॉटलच्या प्राण्यांच्या हालचालींवरील ग्रंथाच्या सातव्या प्रकरणात आणि ‘निकोमेकियन एथिक्स’ या नीतिशास्त्रावरील ग्रंथात सापडतात. मला पांघरूण हवे. झगा हे पांघरूण आहे. म्हणून मला झगा हवा. जे हवे ते मी करायला हवे; म्हणून झगा करायला हवा. झगा करायचा तर आधी अमुक करायला हवे, आणि हे अमुक तो माणूस लगेच करू लागतो. सैद्धांतिक कसोटी लावली तर हे अनुमान टिकत नाही. पांघरूण घोंगडीचेही होते, मग झगाच का? इथे उद्दिष्टाकडून ते साधणाऱ्या उपायाकडे जाणे चालू आहे, आणि उपाय एकच असण्याची सक्ती नाही. अनेक उपाय दिसले तर सर्वांत सोपा व उत्तम कोणता ते पाहावे, असे ॲरिस्टॉटल सांगतो. वाटेत अशक्य बाब आली, उदाहरणार्थ पैसा लागतो आणि तो मिळण्यासारखा नाही, तर विचार तिथेच सोडला जातो. विचारविनिमयाचा विषयही मर्यादित असतो: रोग्याला बरे करावे की नाही याचा वैद्य खल करीत नाही, कसे करावे याचाच करतो. सिथियन या दूरच्या परक्या लोकांचा राज्यकारभार कसा असावा याची चिंता कोणी स्पार्टावासी करीत नाही, कारण ते त्याच्या हातात नसते.

दुसरा फरक अडथळ्यांचा. वैध सैद्धांतिक संवाक्यात नवे विधान घातल्याने निष्कर्ष मोडत नाही. ‘गोड ते चाखावे, हे गोड आहे’ यातून मात्र कृती घडते ती माणूस समर्थ असेल आणि त्याला कशाने अडवले नसेल तरच.

‘कळते पण वळत नाही’ ही अवस्था याच चौकटीत समजावलेली आहे. माणसाकडे दोन सर्वसाधारण विधाने असतात: एक चाखण्यापासून रोखणारे, दुसरे ‘गोड ते सुखद’ म्हणणारे. समोरचा पदार्थ गोड आहे हे इंद्रिये सांगतात, वासना जागी होते आणि दुसरे विधान हात पुढे करवते. रोखणारे ज्ञान नाहीसे झालेले नसते. झोपलेल्या किंवा दारू प्यायलेल्या माणसाच्या ज्ञानासारखे ते निष्क्रिय असते. असा माणूस योग्य वाक्ये बोलूही शकतो, जसा मद्यधुंद माणूस एम्पेडोक्लीझ या ग्रीक तत्त्वज्ञ-कवीच्या ओळी म्हणतो.

म्हणून ‘हे गोड आहे’ अशा विशिष्ट विधानाला इथे एवढे वजन आहे. हलके मांस पचायला सोपे असते हे ठाऊक आहे, पण कोणते मांस हलके हे ठाऊक नाही, अशा माणसाच्या हातून आरोग्य साधत नाही. कोंबडीचे मांस प्रकृतीला चांगले एवढेच जाणणाऱ्याच्या हातून साधण्याची शक्यता जास्त.