अनुदानित समुदायाधारित संशोधन : वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या जबाबदाऱ्या (सातारा व सांगली जिल्हे)

विद्यावेतन किंवा अनुदान घेऊन वैद्यकीय विद्यार्थी रुग्णालयाबाहेर, म्हणजे गावात, वाडीवस्तीवर, शाळेत किंवा ऊसतोड टोळीत संशोधन करतो, तेव्हा त्याच्यावर काही कायदेशीर आणि नैतिक कर्तव्ये येतात. पैसे देणारी संस्था, त्याचे महाविद्यालय आणि ज्यांच्या उंबऱ्यावर तो जाऊन बसतो ती माणसे, अशा तिघांचे तो देणे लागतो. पहिल्या दोघांसाठी नमुने, मुदती आणि सह्या ठरलेल्या आहेत. तिसऱ्याचे येणे मागायला कोणी येत नाही, म्हणून तेच बहुतेक वेळा राहून जाते. ही नोंद मुख्यतः त्या राहून जाणाऱ्या भागाविषयी आहे.

पार्श्वभूमी

कृष्णाकाठच्या या दोन जिल्ह्यांत वैद्यकीय शिक्षणाची परंपरा जुनी आहे. मिरजेत विल्यम वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयाची सुरुवात १८९४ मध्ये झाली. मिरजेचेच शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९६२ चे, तर कराडचे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय १९८४ चे. साताऱ्याचे शासकीय महाविद्यालय अगदी अलीकडे, २०२१-२२ मध्ये सुरू झाले. विद्यार्थ्याला गावात नेण्याची कल्पना देशपातळीवर १९७७ च्या ‘रोम’ (वैद्यकीय शिक्षणाला ग्रामीण भागाकडे वळवणाऱ्या) योजनेपासून आहे. आता राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कुटुंब दत्तक कार्यक्रमानुसार एमबीबीएसचा प्रत्येक विद्यार्थी पहिल्या वर्षापासून गावातील काही कुटुंबांशी जोडला जातो, आणि पदव्युत्तर विद्यार्थ्याला तीन महिने जिल्हा आरोग्ययंत्रणेत काढावे लागतात. शासकीय महाविद्यालयांतील बंधपत्रित सेवा हा निराळा विषय आहे; संशोधनाच्या पैशाशी तिचा संबंध नाही.

विद्यावेतन आणि अनुदान

‘प्रोजेक्टला पैसे मिळाले’ असे विद्यार्थी सरसकट म्हणतात, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी येतात: विद्यार्थ्याला मिळणारे विद्यावेतन आणि अभ्यासाच्या खर्चासाठीचे अनुदान. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची (आयसीएमआर) अल्पकालीन विद्यार्थी शिष्यवृत्ती १९७९ पासून चालू आहे. महाविद्यालयांत ती ‘एसटीएस’ या नावानेच ओळखली जाते. तीत पदवीचा विद्यार्थी मार्गदर्शकाच्या हाताखाली दोन महिने अभ्यास करतो. अहवाल मंजूर झाला तरच रक्कम आणि प्रमाणपत्र मिळते. अभ्यासाचा खर्च, म्हणजे तपासणीच्या पट्ट्या, छपाई, गावाला जाण्याचे भाडे, परिषद देत नाही. अनुदानाचे तसे नसते. ते संस्थेच्या खात्यात जमा होते, मंजूर शीर्षांखालीच (खर्चाच्या ठरलेल्या बाबींवरच) खर्ची पडते आणि पावत्या, उपयोगिता प्रमाणपत्र व उरलेली शिल्लक परत केल्यावाचून त्याचा हिशोब मिटत नाही.

विद्यावेतन अहवालावर अवलंबून असल्यामुळे एक धोका जन्माला येतो आणि त्याविषयी उघडपणे बोलले पाहिजे. दोन महिने संपत आले, परीक्षा तोंडावर आली, ठरवलेल्या दोनशे घरांपैकी साठ बाकी राहिली, की उरलेल्या प्रश्नावल्या वसतिगृहात बसून भरण्याचा मोह होतो. हे संशोधनातले सर्वांत मोठे गैरवर्तन आहे. एकशे चाळीस घरांवरचा अहवाल, कमी पडलेल्या साठांचे कारण लिहून, सन्मानाने देता येतो. मार्गदर्शकाने हे पहिल्याच दिवशी सांगितले, तर पुढचे बरेच टळते.

परवानगी आणि संमती

पहिल्या घराची कडी वाजवण्याआधी संस्थात्मक नैतिकता समितीची, म्हणजे संशोधनात सहभागी माणसांचे हित जपले जाते का हे तपासणाऱ्या समितीची, मान्यता हातात असावी लागते. अशा समितीने केंद्रीय आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदणी करण्याची तरतूद नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्यांविषयीच्या २०१९ च्या नियमांत आहे. समितीचा अध्यक्ष संस्थेबाहेरचा असतो, आणि तीत सर्वसामान्य नागरिकालाही जागा असते. प्रश्नावलीत पुढे एखादा प्रश्न घालायचा झाला, तरी समितीकडे परत जावे लागते.

त्यानंतर तालुका आरोग्य अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्र, सरपंच, आशाताई यांच्याकडे जाण्याची रीत आहे, आणि ती योग्यही आहे. पण सरपंचाने ‘या, करा’ म्हटले म्हणजे गावाने संमती दिली असे होत नाही. आयसीएमआरची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे हे स्पष्ट करतात: समाजाच्या प्रमुखाची परवानगी व्यक्तीच्या संमतीची जागा घेऊ शकत नाही.

याची खरी कसोटी गळीत हंगामात लागते. बीडकडून आणि इतर दुष्काळी भागांतून आलेल्या टोळ्या कारखान्याच्या परिसरात कोप्या (पाचटाच्या झोपड्या) घालून राहतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. त्यांनी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. मुकादमाने टोळीला बोलावून ‘डॉक्टर आलेत, रक्त द्या’ म्हटले, तर ‘नको’ म्हणायची टोळीतल्या बाईची मुभा कितपत उरते? म्हणून मुकादमाची भेट घ्यावी, पण संमती घेताना त्याला समोर बसवू नये. जाण्याची वेळही त्यांच्या सवडीने ठरवावी. पहाटेपासून फडात राबून आलेल्या बाईला संध्याकाळी चूल पेटवायची असते.

दुसरी अडचण शब्दांची. पांढरा कोट दिसला की लोक ‘तपासणीला आलेत’ असेच समजतात. आपण उपचार करायला नव्हे, माहिती गोळा करायला आलो आहोत, आणि नकार दिला तरी सरकारी दवाखान्यातल्या सेवेत फरक पडणार नाही, ही दोन वाक्ये घरच्या मराठीत सांगता आली पाहिजेत. ‘मी स्वेच्छेने व कोणत्याही दबावाशिवाय सदर अध्ययनात सहभागी होत आहे’ हा छापील मजकूर वाचून दाखवला, तर समोरचे माणूस मान हलवते, इतकेच. जत तालुक्याच्या सीमाभागात कन्नडही लागते. वाचता न येणाऱ्याचा अंगठा घ्यायचा, तर अभ्यासाशी संबंध नसलेला, वाचता येणारा साक्षीदार लागतो. माहितीपत्रकाची प्रत सहभागी व्यक्तीकडे राहते. सात ते बारा वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी होकार, पालकांच्या संमतीखेरीज वेगळा घ्यावा लागतो.

बुडालेल्या मजुरीची किंवा प्रवासाची भरपाई देता येते. मात्र ती इतकी नसावी, की केवळ पैशासाठी माणसाने नको असलेले मान्य करावे.

आढळले ते सोडून येता येत नाही

रक्तक्षयाच्या पाहणीत एखाद्या गरोदर बाईचे हिमोग्लोबिन दर डेसिलिटरला ७ ग्रॅमच्या खाली निघाले, तर तो तीव्र रक्तक्षय आहे. तो आकडा तक्त्यात भरून पुढच्या घरी जाणे चालत नाही. तिला चिठ्ठी द्यावी, आरोग्यसेविकेला कळवावे, आणि ती दवाखान्यात पोहोचली का हे पाहावे. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला आढळला, तर थुंकी तपासणीला पाठवावे. क्षयरोग २०१२ पासून नोंद करणे बंधनकारक असलेला आजार आहे. तासगाव-मिरज पट्ट्यात ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्यांचे दिवस असतात. फवारणी करणाऱ्या मजुरांचा अभ्यास करताना कोणी घामाघूम, लाळ गळत असलेला, धाप लागलेला, बाहुल्या आकसलेला दिसला, तर प्रश्नावली बाजूला ठेवून गाडीची सोय करायची. ऑर्गनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या विषबाधेत मिनिटांना किंमत असते. पाठवणीची ही व्यवस्था अभ्यासाच्या आराखड्यातच लिहिलेली असावी. ऐन वेळी सुचेल, या भरवशावर राहू नये.

गुप्तता आणि तिची मर्यादा

लहान वाडीत नाव गाळले म्हणून ओळख लपत नाही. ‘४२ वर्षांची विधवा, पिको-फॉलचे काम’ एवढे लिहिले, की घर कळते. त्यामुळे अहवालात वय गटाने द्यावे, आणि वाडीचे नाव टाळून तालुक्यावर थांबावे. एचआयव्हीची स्थिती व्यक्तीच्या संमतीवाचून उघड करण्यास २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने मनाई आहे. त्यात ठरावीक अपवाद तेवढे आहेत. देहविक्री करणाऱ्या स्त्रियांचा संशोधनातील असुरक्षित गटांत समावेश होतो. सांगलीत या स्त्रियांची ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ १९९६ पासून उभी आहे. अशा ठिकाणी प्रश्न ठरवतानाच संघटनेशी बोलावे, तयार प्रश्नावली घेऊन जाऊ नये.

गुप्ततेचे वचन मात्र सरसकट देता येत नाही. किशोरवयीन मातांचा अभ्यास करताना अठरा वर्षांखालील मुलीवरील लैंगिक गुन्ह्याची माहिती कळली, तर बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पॉक्सो कायद्यानुसार (२०१२) ती कळवणे बंधनकारक आहे. ही मर्यादा मुलीला बोलते करण्याआधी सांगायला हवी. विश्वासाने ती बोलून गेल्यावर कायद्याचे कलम पुढे करणे म्हणजे तिचा विश्वासघात. असे विषय पदवीच्या विद्यार्थ्याने अनुभवी मार्गदर्शकाविना हाती घेऊच नयेत, असे या नोंदकर्त्याचे ठाम मत आहे.

निष्कर्ष परत नेणे

आयसीएमआरची २०१७ ची तत्त्वे निष्कर्ष समाजापर्यंत पोहोचवण्यास सांगतात. पण दोन महिन्यांच्या वेळापत्रकात त्यासाठी दिवस राखलेला नसतो. अहवाल गेला, प्रमाणपत्र आले, विद्यार्थी पुढच्या वर्षात गेला. माण-खटावकडच्या एखाद्या गावात याआधी तीन वेगवेगळ्या सर्वेक्षणांना उत्तरे देऊन झालेली असतात, आणि चौथा आला की म्हातारी विचारते, ‘मागल्यांनी लिहून नेलं, त्याचं काय झालं?’ तिच्या प्रश्नाला उत्तर मिळणे हा तिचा हक्क आहे.

मार्ग अवघड नाही. कुटुंब दत्तक कार्यक्रमामुळे त्याच गावात वारंवार जाणे होतेच. आपला अभ्यास त्या गावाशी जोडला, तर परतीची भेट वेगळी आखावी लागत नाही. ग्रामसभेत दहा मिनिटे मागता येतात. ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीच्या हातात एक पानी मराठी टिपण देता येते: काय विचारले, काय आढळले, आणि त्यावर दवाखान्यात काय मिळते. ज्याची तपासणी केली त्याला त्याचा आकडा त्याच दिवशी, घरच्यांपुढे न ओरडता, एकट्याला सांगावा. निष्कर्ष गावाला न आवडणारे असले, उदाहरणार्थ दारूचे किंवा बालविवाहाचे, तर आधी आशाताई आणि समितीच्या महिला सदस्यांशी बोलून मांडणी ठरवावी. पण ते दडपू नयेत.

कागद आणि श्रेय

संमतीपत्रे व मूळ प्रश्नावल्या अभ्यास संपल्यावर किमान तीन वर्षे जपाव्या लागतात. त्या विद्यार्थ्याच्या खोलीत न राहता विभागाच्या कुलूपबंद कपाटात राहाव्यात, आणि मोबाइलवर काढलेले फोटो काम झाल्यावर पुसावेत. निबंध छापून आल्यास पैसे देणाऱ्या संस्थेचा उल्लेख करावा लागतो. काम ज्या विद्यार्थ्याने केले त्याचे नाव लेखकांत असावे, आणि नुसत्या पदामुळे कोणाचे नाव त्यात येऊ नये. घरोघरी बरोबर फिरलेल्या आशाताई लेखकाच्या व्याख्येत बसत नसतील, तर आभारात, त्यांना विचारून, त्यांचे नाव लिहिता येते. त्यांच्या दिवसाच्या श्रमाचा मोबदला मात्र खर्चाच्या अंदाजपत्रकात आधीच धरलेला असावा.